आठ सोनेरी, एक काळा

दसरा जवळ आला की आमच्या घाटकोपरात घरोघरी डबे घासले जातात, पडदे धुवायला उतरतात, पंख्यांची पाती पुसली जातात आणि मासे मरतात. दर वर्षी, न चुकता. सकाळी दहाच्या सुमारास पहिला फोन येतो. "ताई, कालपर्यंत चांगले होते हो. टाकी एवढी घासली, खडे गरम पाण्यातून काढले, पाणी पूर्ण नवीन भरलं, आणि सकाळी बघते तर सगळे उलटे." मी विचारते, "साबण लावला होता का?" पलीकडचा आवाज एकदम बारीक होतो. मग उत्तर येतं, "अगदी थोडासाच."

पूर्वी मी रागवायचे, आता रागावत नाही. स्वच्छ म्हणजे चांगलं, असंच आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. टाकीचं पाणी मात्र मुरावं लागतं. त्यात, खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजात डोळ्यांना न दिसणारे जीव वाढलेले असतात, आणि माशांची घाण तेच पचवतात. त्यांना धुऊन टाकलं की मासे आपल्याच घाणीने मरतात. शिवाय नळाच्या पाण्यात क्लोरीन असतंच. म्हणून एका वेळी पाव टाकीच पाणी बदलायचं, आणि तेही आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं. पंतनगरातल्या निम्म्या बायकांकडून मी हे पाठ करून घेतलंय. उरलेल्या निम्म्या दसऱ्याला फोन करतात.

माझं दुकान म्हणजे आठ बाय दहाचा गाळा. पण मी तगले ती दुकानावर नाही, घरोघर जाऊन टाक्या साफ करण्यावर. दुपारच्या वेळी घरात बाई एकटी असते, तेव्हा नळी आणि बादली घेऊन आलेला अनोळखी पुरुष नको वाटतो. मी गेले की दार सताड उघडायचं, चहा व्हायचा, टाकीबरोबर सासूही धुऊन निघायची. नवऱ्याचं प्लंबिंगचं काम, त्यामुळे नळ्या आणि गळती यांची मला भीती नव्हती. मासे मात्र मी मासे मारूनच शिकले. या धंद्यात सगळे तसेच शिकतात, कोणी नाही म्हणत असेल तर तो थापा मारतोय असं खुशाल समजावं.

लोक रंग बघून मासे मागतात. एक गृहस्थ आले, निवृत्त, हातात छत्री. "हा निळा द्या, ते चार पट्टेवाले द्या, आणि ही झुपकेदार शेपटीची एक." मी म्हटलं, "काका, हे एकत्र राहणार नाहीत." ते म्हणाले, "का? सगळे मासेच ना?" मी म्हटलं, "तुमच्या सोसायटीत सगळी माणसंच आहेत ना? मीटिंग कशी होते?" त्यांनी मुकाट्याने सहा गप्पी घेतले आणि गेले.

घरातली टाकी बहुधा दोन फुटांची, टीव्हीशेजारी मावेल अशी. तेवढ्या पाण्यात कोणाला पळून जायला जागा नसते. त्यामुळे आधी बघायचं, कोणाच्या तोंडात कोण मावतो. एंजल दिसायला साध्वी, पण बोटाच्या पेराएवढा निऑन टेट्रा सहज गिळते. मग कोण कोणाला छळतो ते बघायचं. टायगर बार्ब लांब शेपट्या कुरतडत बसतात, आणि दोन फायटर नर एकत्र सोडले तर एकच उरतो. हे सगळं इंटरनेटवर मिळतं. जे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, ते म्हणजे खाण्याचा वेग. दाणे टाकल्यावर अर्ध्या मिनिटात फडशा पाडणारा मासा आणि दाणा शोधत शोधत येणारा मासा एकत्र ठेवले, तर भांडण होत नाही, चावाचावी होत नाही, काहीच दिसत नाही. एक हळूहळू उपाशी मरतो. घरच्यांना वाटतं, रोज खायला घालत होतो तरी गेला.

हे मला पक्कं माहीत होतं. तरीही मी वर्षानुवर्षं 'सेट' विकला. आता त्याबद्दलच लिहायचं आहे.

सेट म्हणजे नऊ गोल्डफिश, आठ सोनेरी आणि एक काळा. वास्तुवाले सांगतात, ईशान्येला टाकी ठेवा आणि त्यात हे नऊ सोडा. आठ भरभराट आणतात, काळा घरावरचं संकट स्वतःवर घेतो. काळा मेला तर रडायचं नाही, संकट टळलं म्हणायचं आणि दुसरा आणायचा. आता धंद्याच्या बाजूने बघा. सोनेरी म्हणून जे स्वस्त मासे येतात ते लांब अंगाचे, चपळ, खादाड. काळा असतो तो ब्लॅक मूर. पोट गोल, डोळे बाहेर आलेले, नजर अधू, चाल संथ. खाण्याच्या बाबतीत अशी विजोड जोडी शोधून सापडणार नाही, वर दोन फुटांत नऊ जण. काळा मरणारच. आणि गिऱ्हाईक तक्रार न करता, उलट बरं वाटून, दुसरा न्यायला येणार. याहून सोयीचा मासा दुकानदाराला कुठे मिळणार?

माझे वडील वाशिमकडून मुंबईत आलेले, विहारात जाणारे, नवस आणि उतारे यांचं नाव काढलं तरी भडकणारे. एकदा दुकानात बसले असताना त्यांनी सेटचं गिऱ्हाईक पाहिलं. ते गेल्यावर म्हणाले, "शोभा, हा उताराच झाला की. लिंबाऐवजी मासा." मी म्हटलं, "बाबा, मी विकते, मानत नाही." त्या दिवशी ते लवकरच घरी गेले.

साळवी वहिनी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या पर्समध्ये वास्तुवाल्याने लिहून दिलेला कागद होता. सत्तरीच्या आसपासच्या, बारीक, भरभर बोलणाऱ्या. त्यांचे यजमान, सगळे त्यांना दादा म्हणत, निवृत्त बस कंडक्टर, दोन्ही मूत्रपिंडं निकामी, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मुलगी लग्न होऊन परदेशी. मी कागद वाचला आणि सेट बांधून दिला. खरं तर त्याच वेळी बोलायला हवं होतं.

महिन्याभरात त्या काळा न्यायला आल्या. चेहरा उजळलेला. "ताई, काळा गेला. आणि त्याच दिवशी ह्यांचा रिपोर्ट किती चांगला आला. डॉक्टरसुद्धा म्हणाले, इम्प्रुव्हमेंट आहे." मी दुसरा दिला. मग तिसरा. दर वेळी काळा जायचा आणि दर वेळी वहिनींना त्याच आठवड्यातलं काहीतरी बरं आठवायचं. दादांना ताप आला होता तो उतरला. सुई नीट लागली. एक दिवस दोन चपात्या खाल्ल्या. मेलेले मासे त्या जास्वंदीच्या कुंडीत पुरायच्या आणि हळद-कुंकू वाहायच्या. सातवा नेताना म्हणाल्या, "माझे गुडघे आता साथ देत नाहीत, टाकी साफ करायला तुम्हीच येत जा."

मी गेले. एक खोली, हॉल आणि स्वयंपाकघर एवढं घर. हॉलमध्ये दादांचा पलंग आणि पलंगासमोर, अगदी डोळ्यांच्या रेषेत, टाकी. मी नळी लावून खड्यांतली घाण ओढत होते, तेव्हा वहिनी औषधं आणायला खाली गेल्या. दार लागल्याचा आवाज झाला तसे दादा उशीवर थोडे वर सरकले.

"शोभा, तुला एक विचारू? हा काळाच का मरतो गं?"

मी म्हटलं, "दादा, मासा आहे. मरतो कधी कधी."

"मला शेंडी लावू नको. सोनेरी एकही मरत नाही. काळा बरोब्बर मरतो. मी दिवसभर इथेच असतो ना, मला दुसरं काम काय? दाणे पडले की ते आठ जण तुटून पडतात. हा येतो तोपर्यंत खलास. मग हा खाली तोंड घालून शोधत बसतो. आठ-दहा दिवसांत बारीक होतो, मग कोपरा धरतो, मग आडवा. सहा जणांना जाताना बघितलं मी. तिला वाटतं माझ्याऐवजी जातो. ती खूश होते म्हणून मी बोलत नाही."

त्यांना धाप लागली होती, ते थांबले, मग हसले.

"आयुष्यभर तिकिटं फाडली मी. एकाच्या तिकिटावर दुसऱ्याला कधी बसू दिलं नाही. आता हा बिचारा माझ्या तिकिटावर जातोय, आणि मी पडल्या पडल्या बघतोय. ह्याला जगव गं. तिला सांगू नको मी म्हटलं म्हणून."

या कामात मी गिऱ्हाइकांकडून पुष्कळ काही ऐकलं आहे. पण आपण विकलेल्या वस्तूकडे कोणी माणूस रोज आठ-दहा तास असा बघत पडला असेल, हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. वहिनी वर आल्या तेव्हा मी त्यांना सरळ खोटं सांगितलं. सोनेरी माशांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसतात, औषधाच्या टबात ठेवायला दुकानात नेते, काळ्याला काही झालेलं नाही, तो इथेच राहू दे. आठही मासे पिशव्यांत भरून घेऊन आले. टाकीतला टोकदार प्लास्टिकचा किल्लाही काढला, कारण अधू नजरेचा मासा त्यावर डोळा फोडून घेतो.

एकटा राहिल्यावर काळा आठवड्याभरात सुधारला. घाई नाही, स्पर्धा नाही, दाणा खाली बसला तरी त्याचाच. मी दर पंधरा दिवसांनी जायचे. दादा मला हळूच अंगठा दाखवायचे. काळ्याच्या अंगावर तकाकी आली, पोट भरलं, काचेजवळ येऊन तोंड उघडमीट करायला लागला. एकदा दादा म्हणाले, "आता ह्याला मी ओळखीचा झालोय." खरं म्हणजे दाण्यांचा डबा त्यांच्या उशाशी होता, एवढंच. पण मी ते बोलले नाही.

वहिनी मात्र सुकत चालल्या. सोनेरी माशांची त्यांनी एकदाच चौकशी केली. काळ्याकडे बघायच्या आणि नजर वळवायच्या. दोन महिने झाले आणि एका दुपारी त्या दुकानात आल्या. हातात पाण्याची पिशवी, पिशवीत काळा.

"हा बदलून द्या."

"का, वहिनी? काय झालं?"

"काही होत नाही म्हणूनच. दोन महिने झाले. परवा ह्यांचं बीपी एवढं खाली गेलं की मशीन थांबवावं लागलं. हा आहे तसाच. ह्याच्यात काही घेण्याची ताकदच नाही. दुसरा द्या."

माझ्यासमोर दोन रस्ते होते. सोपा रस्ता म्हणजे पिशवी घ्यायची, दुसरा द्यायचा, आणि सोनेरी परत पाठवायचे. महिन्याभरात काळा मेला असता, वहिनींना धीर आला असता, आणि दादांनी सातवा बघितला असता. दादांचं नाव न घेता दुसरा, खरं सांगण्याचा रस्ता धरायचा तर सगळं माझ्या अंगावर घ्यावं लागणार होतं. तसं ते होतंही माझ्याच अंगावर.

मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि सांगितलं. काळ्याला कमी दिसतं. तो हळू असतो. बाकीचे आठ त्याच्या वाट्याचं खातात. तो कोणाचं संकट घेऊन जात नव्हता, उपासमारीनं जात होता. मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सोनेरी आजारी नव्हते, मी खोटं बोलून नेले, ते हे काय, मागच्या टाकीत आहेत.

मला वाटलं, वहिनी ओरडतील. त्या पिशवीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे सहा उगाच गेले?"

"हो."

"मग ह्यांना आजपर्यंत राखलं कोणी?"

डॉक्टरांनी, औषधांनी, तुम्ही, असं काही म्हणता आलं असतं. पिशवीतलं पाणी हलत होतं. मी म्हटलं, "वहिनी, माफ करा." त्या उठल्या. म्हणाल्या, "तुमचं बरं आहे हो. तुम्हाला कळतं ना सगळं, म्हणून बरं आहे." पिशवी घेऊन त्या निघून गेल्या.

तो पंधरवडा मला फार जड गेला. आमच्या भागात माशांची आणखी दोन दुकानं आहेत. दोन्हीकडे सेट मिळतो, दोन्हीकडे काळा मिळतो. ठरलेल्या दिवशी नळी-बादली घेऊन मी त्यांच्या जिन्यात उभी राहिले तेव्हा बेल वाजवण्याआधी बादली खाली ठेवली. दादांना काय दिसत असेल, हाच विचार. एखाद्या बाईचा आधार काढून घेताना तिला दुसरं आपण काय दिलं, हाही विचार होताच.

वहिनींनी दार उघडलं. मी आत बघितलं. टाकीत काळा होता, तोच. डाव्या परावरचा जुना डाग मी ओळखला. बाकी कोणी नव्हतं. मी काम केलं, वहिनींनी चहाचा कप टाकीशेजारी ठेवला आणि आत गेल्या. दादा कुजबुजले, "तू काय सांगितलंस कोण जाणे. आल्या दिवशी ह्याला टाकीत सोडलं आणि समोर उभी राहून रडली. मी झोपल्याचं सोंग घेतलं."

त्यानंतर दादा चार महिने होते. ते चार महिने चांगले गेले असं म्हणणं खोटं ठरेल. त्रास होताच, वाढतच होता. पण मी गेले की माशाच्या गप्पा व्हायच्या. आज चार दाणे जास्त खाल्लेन, आज पंख पसरून नुसता तरंगत होता. वहिनी माझ्याशी बोलत नव्हत्या. एकदा मात्र मला दिसलं, दाणे टाकण्याआधी त्या काचेवर बोटाने दोनदा टकटक करत होत्या आणि दाणा काळ्याच्या तोंडासमोर पडेल असा हळूच सोडत होत्या. मी ते त्यांना शिकवलं नव्हतं.

दादा हॉस्पिटलात गेले. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. मी भेटायला गेले, दारात नातेवाइकांची गर्दी होती, वहिनींनी माझ्याकडे बघून मान हलवली, तेवढंच. मी ठरवून टाकलं की हे घर आता संपलं.

तेराव्यानंतर चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "ताई, जरा टाकीला येऊन जा." माझा दिवस नव्हता. मला वाटलं, टाकी काढून टाकायची असेल, मासा परत करायचा असेल. मी रिकाम्या पिशव्या आणि मोठी बादली घेऊन गेले. वाटेत मी मनाची तयारी करत होते की त्या काय म्हणतील. तुमच्या शहाणपणामुळे हे गेले, असं म्हणाल्या असत्या तरी मी ऐकून घेतलं असतं.

पलंग काढलेला होता. त्या जागी एक प्लास्टिकची खुर्ची, टाकीकडे तोंड करून. वहिनींनी मला त्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः खाली बसल्या.

"ह्यांनी मला शेवटी सांगितलं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला त्यांनीच म्हटलं होतं ना, जगव म्हणून."

मी मान हलवली.

"मला वाईट कशाचं वाटतं सांगू? दर वेळी काळा गेला की मी हसत घरभर फिरायचे. आणि हे त्या पलंगावरून बघत असायचे. मी ह्यांना धीर देतेय असं मला वाटायचं." पदराने त्यांनी तोंड पुसलं. मग टाकीकडे बोट केलं. "ह्याला एकट्याला चालेल का?"

"चालेल, वहिनी. खाणं नीट मिळतं, चांगला राहील."

"चालेल ते मला दिसतंय. मी विचारते, बरं वाटत असेल का त्याला?"

टाकी किती फुटांची, पाणी कधी बदलायचं, जगतील किती दिवस, हे मला आजवर सगळ्यांनी विचारलं आहे. हे कोणी विचारलं नव्हतं. मी खरं ते सांगितलं. म्हटलं, "मला माहीत नाही. पण त्याच्या चालीचा एखादा असेल तर दोघांना ही टाकी पुरते."

"मग द्या बघून. धावपळ्या नको. ह्याच्यासारखाच, सावकाश खाणारा."

"रंग कुठला हवा?"

"कुठलाही चालेल." त्या काचेपाशी सरकल्या. काळा त्यांच्याकडे आला. "आणि एक आधीच सांगून ठेवते, ताई. ह्यांतला कोणी गेला ना, तर संकट टळलं, बरं झालं, असलं काही मला सांगायचं नाही. ते सहा गेले, एकासाठीही मी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. आता जो जाईल त्याच्यासाठी मला रडायचंय."